ह्यांचा आवाज आणि मशीनची घरघर

मी आधीच सांगून टाकते, कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. फडक्यानं वरची धूळ पुसायची, एवढाच माझा आणि त्याचा संबंध. तरी गेल्या माघात मीच ते मशीन जमिनीवर ठेवून, हातात पेचकस घेऊन, त्याच्यासमोर फतकल मारून बसले होते. वेळ आली की माणूस काय काय करतं, बगा.

मशीन आमच्या ह्यांचं. नांदेडात ह्यांचं लग्नपत्रिकेचं दुकान होतं. मोबाईलवर पत्रिका धाडायचं फॅड निघालं तसं गिऱ्हाईक पातळ झालं, आणि दुकान आवरून ह्यांनी मशीन घरी आणलं, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ मांडलं. ओळखीपाळखीच्यांच्या पत्रिका घरूनच करून द्यायचे. पत्रिका करायची म्हणजे नुसती टाइप करायची असं नाही. आधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग नवरीच्या मामाचं नाव वर का खाली ह्याच्यावर तासभर वाद, मग चहा, मग पुन्हा वाद. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. मी आतून ओरडायची, "अहो, हळू बोला जरा, लग्न त्यांच्या घरी हाय, आपल्या नाही!" तर म्हणायचे, "तू तुझी भाकर बघ, करपायली." उभा जन्म मी ह्या माणसाला हळू बोला, हळू बोला म्हणत आले. देवानं ऐकलं, पण भलत्याच रीतीनं ऐकलं.

भादव्यात लातूरला एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत ह्यांच्या हातातून वाटी सुटली. उचलायला म्हणून वाकले आणि तसेच एका अंगावर कलंडले. नशीब थोर, दवाखाना जवळ होता, आणि सोबतच्यांनी उशीर केला नाही. जीव वाचला. उजवा पाय हलायला लागला, काठीच्या आधारानं चार पावलं जमायला लागली. उजवा हात अर्धामुर्धा आला. जीभ मात्र जड झाली ती झालीच. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "काकू, काकांना सगळं कळतं. शब्द डोक्यात जागच्या जागी हायेत. जीभ आणि ओठ तेवढे कमी पडायलेत. रोज बोलू द्या, लोकांशी बोलू द्या, थांबू देऊ नका. ह्या पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येतंय, तेवढं मागून येत नाही." ते शेवटचं वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं.

आता नांदेडहून लातूर म्हणजे लोहा, अहमदपूर करत सगळा दिवस जातो. एकदा एस.टी.नं नेलं, तर आल्यावर हे दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, मी कॉम्प्युटरवरून शिकवते. मोबाईल नको, पडदा मोठा पाहिजे, माझे ओठ कसे हलतात ते काकांना दिसलं पाहिजे. दिवाळीला लेक पुण्याहून आली, तिनं कॅमेरा आणला, बसवून दिला, कुठलं बटण दाबायचं ते मला शिकवलं, आणि आमची शाळा सुरू झाली.

पडद्यावर चित्र यायचं. कप, गाय, छत्री. ह्यांनी नाव सांगायचं. हे सगळा जीव ओठांत आणून म्हणायचे, "च... हा." आणि तिकडून मॅडम कानामागं हात धरून म्हणायच्या, "काका, आवाज तुटायलाय. परत एकदा? जरा मोठ्यानं?" हे परत म्हणायचे. परत तेच. मग मॅडम माझ्याकडं बघायच्या आणि मी सांगायची, "चहा म्हणून राहिले ते." गाय म्हणून राहिले, छत्री म्हणून राहिले. असा आमचा तिघांचा वर्ग.

आणि ह्या सगळ्या वेळात मशीन आपलं घरघर, घरघर. शेजारी पिठाची गिरणी चालू असल्यागत. तो आवाज तसा दसऱ्यापासूनच निघाला होता, पण तेव्हा माझं ध्यान कुठं होतं? घरातलं माणूस अंथरुणाला खिळलेलं, आणि मी मशीनची फिकीर करू? आधी बारीक होता, थंडीत वाढत गेला. चालू केलं की टेबल थरथरायचं, टेबलावरचा ग्लास वाजायचा. जुनं झालंय, ह्याला पण दम लागायलाय, असं समजून मी सोडून दिलं.

पौषात एका दिवशी हे वर्गातून उठले. म्हणजे उठता काही येईना, तर काठी रोवून खुर्चीच भिंतीकडं फिरवली आणि तोंड मिटून बसले. मॅडम "काका, ओ काका" करत राहिल्या. मी म्हटलं, "अहो, झालं काय?" ह्यांनी डाव्या हातानं आधी माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडं, मग पडद्याकडं, आणि हात झटकला. तुला कळतं माझं. तिला नाही. कुणालाच नाही.

झालं, त्या दिवसापासून दोस्तांचे फोन घेईनात. दारात कुणी आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. माझ्याशी तेवढं बोलायचे, पाणी, ऊन, बस, असं एकेक. सगळ्या नांदेडशी वाद घालणारा माणूस एका बायकोपुरता उरला. एखादीला बरंही वाटलं असतं. मला नाही वाटलं. मला रात्रंदिवस ते एकच दिसायचं, महिने चाललेत, जे यायचं ते आत्ताच यायचं, आणि हा बाबा भिंतीकडं तोंड करून बसलाय.

पण मी काय हार मानणारी न्हाई. गोड बोलून बघितलं, रुसून बघितलं, शेवटी चहा बंद करते म्हटलं तेव्हा एकदाचे बसले पडद्यासमोर. आणि नेमकी लाइट गेली! मशीन बंद, पडदा काळा. खोली अशी गप झाली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. मॅडमनी मोबाईलवर फोन लावला, मी तो ह्यांच्या तोंडासमोर धरला. हे वैतागलेलेच होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "चहा." मी पण अशी बावळट, लगेच बोलून बसले, "हाव हाव, ठेवते चहा." तेवढ्यात तिकडून मॅडम, "अगं बाई! काका चहा म्हणाले ना? स्पष्ट आलं की!"

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. तू बोललीस म्हणून तिला कळलं, असं. सासूबाई म्हणायच्या, हिला गप बस म्हटलं की हिची जीभ जास्तीच चालती. खरं होतं त्यांचं.

मला मात्र त्या काळ्या पडद्यासमोर लख्ख कळून चुकलं. ह्यांचा आवाज बारीक झाला होता, पण कळत नव्हता असं नव्हतं. कॅमेरा मशीनला खेटून, त्यातलाच माइक, आणि मशीनची ती घरघर. ह्यांचा शब्द त्यात बुडत होता आणि हे बिचारे स्वतःला दोष देऊन राहिले होते. मशीन गप झालं की हे ऐकू येणार. पण हे मी सांगून उपयोग काय? बायको धीर द्यायला काहीही बोलते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांचं त्यांना पटायला पाहिजे.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. म्हणाला, "आणून टाका काकू दुकानावर, आठेक दिवसांनी बघतो." ह्यांना एकटं टाकून ते धूड मी रिक्षात घालून नेऊ कशी? लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, जुनं झालं ते, नवीनच घेऊ." मी म्हटलं, घेऊ बाई. हे पलीकडंच बसले होते. मशीन बदलायचं कानावर पडलं तशी त्यांनी काठी फरशीवर आपटली. बोट मशीनवर, मग स्वतःच्या छातीवर.

"मी," म्हणाले.

"तुम्ही? एका हातानं?" माझ्या तोंडून निघून गेलं. मग मला माझाच राग आला. म्हटलं, "बरं, तुम्ही सांगा तसं मी करते. पण चिडायचं नाही. मला ह्यातलं काही येत नाही, आधीच सांगते." कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे जरा हसले.

दुपारची जेवणं उरकून मी जमिनीवर पेपर अंथरला. हे वर खुर्चीत काठी घेऊन, मी खाली. बाजूचा पत्रा काढला तर आत ही धूळ! मी फुंकर मारणार तेवढ्यात काठी माझ्या खांद्याला लागली. फुंकायचं नाही, ब्रशनं. पत्रिका रंगवायचा जुना ब्रश त्यांनीच खणातून काढून दिला. धूळ काढली, चालू केलं, घरघर तशीच. मग मशीनच्या पायाखाली घडी घालून फडकं दिलं. ग्लास वाजायचा थांबला, पण घरघर गेली नाही. मी म्हटलं, "दोन थापा मारू का?" दुकानात कितीदा थापा मारताना मी ह्यांना पाहिलं होतं. ह्यांनी डोळे वटारले. दुसऱ्यानं मारलेली थाप चालत नसावी.

आत तीन पंखे होते. एक मागं, एक मधोमध, एक वरच्या जाळीखाली. तिन्ही फिरायला लागले की आवाज कुठला ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. ह्यांनी मागच्या टोकाला खोडरबर असलेली एक पेन्सिल माझ्या हातात दिली. मशीन चालू ठेवायचं आणि पेन्सिलीचं रबर पंख्याच्या मधल्या बोंडावर अलगद टेकवायचं, पंखा थांबला की कान द्यायचा, आणि लगेच सोडून द्यायचा. हे सगळं त्यांनी मला बोटांनी, भुवयांनी आणि काठीनं सांगितलं. मी म्हटलं, "शॉक लागला तर?" त्यांनी मान हलवली, आणि माझा दुसरा हात धरून माझ्याच पाठीमागं ठेवला, इकडं तिकडं लावू नये म्हणून. लग्नात हातात हात दिला होता तेव्हा पण इतका घट्ट धरला नव्हता.

मागचा पंखा थांबवला. घरघर चालूच. मधला थांबवायच्या आधी ह्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवला आणि चुटकी वाजवली. म्हणजे ह्याच्याखाली मशीनचा मेंदू हाय, क्षणभरच. देवाचं नाव घेऊन रबर टेकवलं. घरघर चालूच. मग वरचा. रबर टेकलं, पंखा थांबला, आणि घरघर जशी कुणी चिमटीत धरावी तशी बंद! आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. पेन्सिल काढली, घरघर. टेकवली, गप. मी तर खेळच लावला. शेवटी ह्यांनी काठी आपटली तेव्हा भानावर आले.

बटण बंद केलं, वायर काढली, वरच्या पंख्याचे स्क्रू सोडवले. एक स्क्रू पळाला तो दिवाणाखाली. मी आडवी होऊन त्याच्या मागं लागले आणि हे वरून "उ... उ..." करून हसायला लागले. "हसा! आवाज चांगला निघून राहिला हसायला," मी म्हटलं. स्क्रू सापडला, पंखा हातात आला. उलटा करून बघते, तर एका पात्याला लाल, काळपट, दगडासारखं काहीतरी चिकटलेलं. नखानं खरवडलं. आतून दाणा निघाला. ज्वारीचा.

आणखी खरवडलं, आणखी दाणे. जाळीच्या कडेला पण होते अडकलेले. लाल रंगवलेली ज्वारी. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. मला एकदम आठवलं. खंडेनवमी.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर-विळ्याची करतो, हे मशीनची करायचे. आधी दुकानात, मग घरी. मी तेव्हा स्वयंपाकघरात पुरणात अडकलेली, नारळ फुटल्याचा आवाज तेवढा कानावर यायचा. ह्या दसऱ्याला हे नुकते लातूरहून घरी आलेले, आत पडून. मी म्हटलं, पूजा चुकवायची नाही, उलट आवंदा जास्तीच मनापासून करायची. ओलं कुंकू कालवलं, मशीनला वरून चांगलं लावलं. अक्षता चिमूटभर कशाला, मूठभरच वाहिल्या. डोळे मिटून म्हटलं, ह्या माणसानं जन्मभर तुझ्यासमोर बसून लोकांची लग्नं लावली, आता तू ह्याची वाचा परत दे. डोळे उघडले तेव्हा अक्षता दिसल्या नाहीत फारशा. मला वाटलं, घरंगळल्या असतील.

हे माझ्याकडं बघत होते. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं. डावा हात लांबवून त्यांनी खणातून एक जुनी, उरलेली लग्नपत्रिका काढली, मशीनच्या वरच्या जाळीवर आडवी ठेवली आणि चिमटीनं तिच्यावर काहीतरी टाकल्यासारखं केलं. दरवर्षी असं. आधी पत्रिका, मग अक्षता. मला काय ठाव? मला कुणी सांगितलं होतं?

"मीच टाकल्या हो," मी म्हटलं. "तुमचा आवाज यावा म्हणून वाहिल्या, आणि त्यांनीच तुमचा आवाज खाल्ला." मला रडूच फुटलं. पाच महिने दवाखान्यात, एस.टी.त, कुठं रडले नव्हते, ते त्या पंख्याला मांडीवर घेऊन रडले. आणि हा माणूस हसत होता! आवाज न करता, खांदे हलवून हलवून, डोळ्यांतून पाणी काढून. मी चिडले, "काय हसता? माझा जीव चाललाय!" तर त्यांनी एक लाल दाणा उचलला आणि माझ्या डोक्यावर टाकला. लग्नात टाकतात तसा. मग मला पण हसू आवरेना.

पंखा त्यांनीच साफ केला. मला हात लावू दिला नाही. उजव्या, अर्ध्या हाताखाली पंखा दाबून धरायचा आणि डाव्या हातानं जुन्या ब्रशनं घासायचा. उजवा हात सारखा सुटायचा, ते परत ठेवायचे. मी मध्ये पडले नाही, नुसती बघत बसले. पुसून, वाळवून दिला. मी बसवायला गेले तर "उल... टा" म्हणाले. खरंच उलटा धरला होता. सुलटा करून स्क्रू आवळले, वायर लावली, बटण दाबलं. आत कुठंतरी बारीक सू असं झालं, बस. मी दोनदा बघितलं, चालू झालंय का नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग. सुरू व्हायच्या आधी ह्यांनी मला स्वयंपाकघराकडं बोट केलं. जा. कारण मला कळलं. मी तिथं नसले तरच खरं-खोटं होणार होतं. मी आत गेले, दाराआड पिठाच्या डब्यावर बसले आणि पदराचा बोळा तोंडात धरला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

मॅडमचा आवाज आला, "नमस्कार काका! आज तिकडं किती शांत वाटायलंय. मशीन बदललं का?"

हे गप. मी मनात म्हटलं, बोला. अहो बोला.

"दुरुस्त केलं? काय झालं होतं?"

घड्याळ ऐकू येत होतं. माझ्या ओठांवर अख्खी गोष्ट आली होती, पदर चावून धरला.

"हि... नं," हे म्हणाले.

"हिनं? म्हणजे काकूंनी?"

"ज्वा... री."

मॅडम थांबल्या. त्यांना ज्वारीतलं काय माहीत? त्यांना कुणी सांगितलं होतं?

"ज्वारी?" त्या म्हणाल्या. "काका, ज्वारी म्हणालात का तुम्ही? काकूंनी ज्वारीचं काय केलं?"

"टा... कली. आत."

"काकूंनी मशीनमध्ये ज्वारी टाकली?" आणि ती पोरगी तिकडं लातूरला अशी खो खो हसत सुटली की मला आत ऐकू आलं. मी दाराच्या फटीतून बघितलं. ह्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडं बघितलं होतं. चेहरा असा झाला होता, हे मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दाराआडून मी पाहिला होता तसा. बावचळलेला आणि खूश. मग लगेच पडद्याकडं वळले आणि घाईघाईनं सांगायला लागले, "मूठ... भर! कुंकू... ओलं!" तुटक, अडखळत, पण थांबेचनात. मॅडम विचारायच्या, हे सांगायचे. मध्ये मला कुणी हाक मारली नाही.

उभ्या जन्मात ह्या माणसानं चारचौघांत माझं गाऱ्हाणं सांगितलं की मी भांडायला बाहेर यायची. त्या दिवशी पिठाच्या डब्यावर बसून, तोंडात पदर धरून, डोळे पुसत मी मनात म्हणत होते, सांगा. अजून सांगा. सगळ्या लातूरला सांगा.